धुरा सरकवण्यापूर्वी : शाळेच्या संगणकातील हार्ड डिस्कची फेरवाटणी

(सेलू, जिल्हा वर्धा येथील प्राथमिक शिक्षकांसाठीच्या व्याख्यानाचा मजकूर)



सेलू तालुक्यात शेताची वाटणी ही काही नवलाची गोष्ट नव्हे. केळझर असो, हिंगणी असो वा सिंदी असो, दोन भावांमध्ये शेत वाटून घ्यावयाचे ठरले म्हणजे मोजणी होते, नवा धुरा पडतो आणि सात-बाराच्या उताऱ्यावर नवी नोंद चढते. या सर्व व्यवहारात जमीन जागची हलत नाही. हलतो तो केवळ धुरा, आणि बदलते ती केवळ नोंद. तथापि कपाशी वेचणीला आली असताना कोणताही समंजस शेतकरी उभ्या पिकातून नवा धुरा घालीत नाही. तो वेचणी होऊ देतो, माल घरी आणतो, आणि मगच कुदळ हाती घेतो. धुरा एक हात चुकला तर तो पुन्हा घालता येतो. परंतु तुडवले गेलेले पीक पुन्हा उभे राहत नाही, हे त्याला ठाऊक असते.

शाळेतील संगणकाच्या हार्ड डिस्कची फेरवाटणी हा विषय नेमका याच जातीचा आहे. तो कठीण आहे असा समज सर्वत्र आढळतो आणि म्हणून पुष्कळ शिक्षक त्याच्या वाटेस जात नाहीत. उलटपक्षी काही उत्साही मंडळी तो अगदी सोपा समजतात, आणि दहा मिनिटांत दहा वर्षांचे काम गमावून बसतात. वस्तुतः हे काम फारसे कठीणही नाही आणि निष्काळजीपणे करण्याइतके सोपेही नाही. शेतकऱ्याने वाटणीच्या वेळी जो क्रम पाळला, तोच येथे पाळला की ते सुखरूप पार पडते.

१. पणाला काय लागते?

कृतीकडे वळण्यापूर्वी शाळेच्या संगणकात काय असते ते पाहिले पाहिजे. २०१५ पासून राज्यातील विद्यार्थ्यांची माहिती 'सरल' प्रणालीत भरली जाऊ लागली. जी माहिती अशा प्रणालीत गेली तिची एक प्रत शाळेबाहेर आहे, एवढा तरी दिलासा असतो. परंतु शाळेच्या दैनंदिन कामातील पुष्कळसा ऐवज कोठेही पाठविलेला नसतो. संकलित मूल्यमापनाचे तक्ते, शालेय पोषण आहाराचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभांची इतिवृत्ते, मुलांच्या हस्तलिखितांची व स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, शिक्षकाने स्वतः तयार केलेल्या प्रश्नपत्रिका, हे सारे त्या एका यंत्रातच राहते.

त्याहून महत्त्वाची आहे ती दाखल-खारीज नोंदवही. ज्या शाळांनी आपल्या जीर्ण नोंदवह्यांची पाने छायांकित करून संगणकात ठेविली, त्यांनी मोठेच काम केले आहे. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींच्या उमेदवारास १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या, आणि इतर मागासवर्गीय उमेदवारास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या नावाची शाळेतील एक ओळ अशा वेळी नातवाच्या शिक्षणाचे दार उघडते. मूळ नोंदवहीस वाळवी लागली, पानाची कड झिजली, आणि छायाप्रत मात्र संगणकात शिल्लक राहिली, अशा वेळी त्या यंत्रातील एक चूक एखाद्या कुटुंबाचा एकमेव पुरावा पुसून टाकू शकते. मूळ नोंदवही जपून ठेवणे हे तर शाळेचे कर्तव्य आहेच. पण तिची प्रत हाताळतानाही तेवढीच जबाबदारी असते.

२. विभाग म्हणजे काय?

हार्ड डिस्क म्हणजे माहिती साठवण्याची चुंबकीय तबकडी. १९५६ साली आयबीएम या कंपनीने जी पहिली हार्ड डिस्क तयार केली, तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि तेवढ्या अवजड यंत्रात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज शाळेतील साध्या संगणकात पाचशे गिगाबाइटची, म्हणजे त्याच्या सुमारे एक लक्षपट क्षमतेची तबकडी तळहातावर मावते. नव्या संगणकांत फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी हा फिरणारा भाग नसलेला संच असतो. परंतु वाटणीचा नियम दोहोंना एकच लागू पडतो.

एवढ्या विस्तीर्ण जागेचे सोयीसाठी भाग पाडतात. त्या प्रत्येक भागास पार्टिशन किंवा विभाग म्हणतात. 'सी ड्राइव्ह' आणि 'डी ड्राइव्ह' या नावांनी ते शिक्षकांच्या परिचयाचे आहेत. बहुधा 'सी'मध्ये संगणक चालविणारी विंडोज प्रणाली असते आणि 'डी'मध्ये शाळेचा मजकूर ठेविलेला असतो.

हे विभाग तबकडीवर भिंती घालून पाडलेले नसतात. कोणता विभाग कोठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढीच नोंद तबकडीच्या प्रारंभी एका तक्त्यात केलेली असते. हा तक्ता म्हणजे संगणकाचा सात-बाराच होय. १९८३ पासून चालत आलेल्या जुन्या पद्धतीत, जिला एमबीआर म्हणतात, हा तक्ता अवघ्या ६४ बाइटचा असून त्यात चारच नोंदी मावतात. म्हणून त्या पद्धतीत मुख्य विभाग चारांहून अधिक करता येत नाहीत, आणि सुमारे दोन टेराबाइटपलीकडची जागाही त्या तक्त्यात बसत नाही. जीपीटी या नव्या पद्धतीत विंडोज १२८ विभागांपर्यंत नोंद करू देते. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जीपीटी पद्धतीत या तक्त्याची दुसरी प्रत तबकडीच्या अगदी शेवटी ठेविलेली असते. पहिला तक्ता बिघडला तर दुसरा कामी यावा, हा त्यातील हेतू. एकाच नोंदीवर विसंबू नये हा धडा ज्यांनी ही यंत्रे घडविली त्यांनीच गिरविला आहे. तो वापरणाऱ्यांनी विसरावा हे योग्य नव्हे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. 'डी'मध्ये ठेविलेला मजकूर सुरक्षित असतो, असे अनेकांस वाटते. विंडोज नव्याने बसविताना 'सी' पुसला गेला तरी 'डी' राहतो, एवढ्यापुरते ते खरे आहे. परंतु दोन्ही विभाग एकाच तबकडीवर आहेत. बोर नदीला पूर आला म्हणजे धुऱ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे अशी दोन्ही वावरे पाण्याखाली जातात. तद्वत तबकडी बिघडली की 'सी'बरोबर 'डी'ही जातो. सबब 'डी' हा मजकूर ठेवण्याचा कप्पा आहे, दुसरी प्रत नव्हे.

३. फेरवाटणी हवीच काय?

समजा, एका दोनशिक्षकी शाळेत पाचशे गिगाबाइटची हार्ड डिस्क असलेला संगणक आहे. 'सी'ला ९७ आणि 'डी'ला ३६८ गिगाबाइट जागा दिलेली आहे. 'सी'मध्ये केवळ चार गिगाबाइट मोकळे उरल्याने विंडोजची नवी सुधारणा उतरत नाही आणि यंत्र मंदावले आहे. 'डी'मध्ये मात्र १२० गिगाबाइट मजकूर असून बाकीची जागा पडीक आहे. धुरा सरकवून 'सी'ला १५० गिगाबाइट द्यावे, असे मुख्याध्यापकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

परंतु पहिला प्रश्न असा की, ही गरज खरी आहे काय? 'सी'मधील जागा पुष्कळदा अनावश्यक गोष्टींनी व्यापलेली असते. डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये साठलेल्या चित्रफिती 'डी'मध्ये हलवाव्यात, रिसायकल बिन रिकामी करावी, विंडोजमधील डिस्क क्लीनअप ही सोय वापरावी, वापरात नसलेले कार्यक्रम काढून टाकावेत. एवढ्याने वीस-पंचवीस गिगाबाइट मोकळे झाले तर धुऱ्यास हात लावण्याचे कारण उरत नाही. जे काम केल्यावाचून भागते ते न करणे, ही सुरक्षिततेची पहिली पायरी होय.

दुसरा प्रश्न यंत्राच्या प्रकृतीचा. तबकडीतून खटखट आवाज येत असेल, फाइल उघडण्यास अकारण विलंब लागत असेल, किंवा चेक डिस्क या तपासणीत दोष दिसत असतील, तर फेरवाटणीचा विचार सोडून द्यावा. आजारी तबकडीवर श्रम लादू नयेत. तिच्यातील मजकूर तातडीने बाहेर काढावा आणि ती बदलून घ्यावी.

४. पूर्वतयारी : पीक घरी आणणे

फेरवाटणी करावयाचीच असे ठरले, तर सर्व कामाचा गाभा एका नियमात सांगता येतो : मूळ मजकूर पुसला जाईल त्या क्षणी त्याच्या दोन तपासलेल्या प्रती संगणकाबाहेर असल्या पाहिजेत. एकच प्रत असेल तर ती प्रत राहत नाही. मूळ पुसले गेले की तीच मूळ होते आणि शाळेपाशी दुसरे काहीच उरत नाही. म्हणून प्रती दोन हव्यात, आणि त्या दोन निराळ्या साधनांवर हव्यात.

वरील उदाहरणात १२० गिगाबाइट मजकूर आहे. त्यासाठी एक बाहेरून जोडण्याची हार्ड डिस्क घ्यावी आणि तिच्यावर संपूर्ण 'डी' उतरवावा. दुसरी प्रत केंद्रशाळेच्या संगणकावर, दुसऱ्या बाह्य डिस्कवर, किंवा मजकूर थोडा असल्यास मोठ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. या कामास काही तास लागतात. शाळा सुटल्यावरच्या अर्ध्या तासात ते उरकण्याचा प्रयत्न करू नये.

प्रत घेताना तीन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पहिली, डेस्कटॉपवरील आणि 'डॉक्युमेंट्स'मधील फाइली. त्या डोळ्यांपुढे असतात, परंतु राहतात 'सी'मध्ये. दुसरी, मराठी टंक. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीची पत्रके श्रीलिपी, कृतिदेव अशा टंकांत लिहिलेली असतात. तो टंक ज्या संगणकात नाही तेथे फाइल उघडते खरी, पण अक्षरांच्या जागी अर्थहीन चिन्हे दिसतात. यास्तव मजकुरासोबत ते टंकही जतन करावेत. तिसरी, कुलपाची किल्ली. विंडोज १० व ११ असलेल्या काही संगणकांत बिटलॉकर या सोयीने तबकडी कुलूपबंद केलेली असते. तिची ४८ अंकी किल्ली आधी कागदावर लिहून कपाटात ठेवावी आणि काम पुरे होईपर्यंत ते कुलूप तात्पुरते स्थगित करावे. अन्यथा मजकूर शाबूत असूनही दार उघडणार नाही.

प्रत घेतली म्हणजे काम झाले असे नव्हे; ती तपासली पाहिजे. मूळ आणि प्रत या दोहोंमधील फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा. नंतर ती बाह्य डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून निरनिराळ्या प्रकारच्या दहा-पंधरा फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात : एक तक्ता, एक जुने मराठी पत्रक, एक छायाचित्र, नोंदवहीचे एक छायांकित पान. परीक्षेतील उत्तरपत्रिका न वाचता गुण देणारा शिक्षक जसा आपल्याच कामाला बाध आणतो, तसाच न तपासलेल्या प्रतीवर भरवसा ठेवणाराही आणतो.

तपासणी झाल्यावर दोन्ही बाह्य साधने संगणकापासून काढून घ्यावीत. ही सूचना बारीकशी वाटली तरी अत्यंत मोलाची आहे. फेरवाटणीच्या पडद्यावर सर्व तबकड्या एकाखाली एक दिसतात, आणि घाईत भलतीच निवडली जाण्याचा संभव असतो. जी तबकडी जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जाऊ शकत नाही.

या प्रतींमध्ये मुलांची नावे, जन्मतारखा आणि आधार क्रमांक असतात. म्हणून त्या कोणाच्या खिशात किंवा गाडीच्या डिकीत राहू नयेत; शाळेच्या कुलूपबंद कपाटात असाव्यात. बाह्य डिस्कची जडसंग्रह नोंदवहीत नोंद घ्यावी आणि प्रत घेतल्याची तारीख तिच्यावर चिकटवावी.

५. प्रत्यक्ष कृती : धुरा सरकवणे

विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' हे साधन अंतर्भूत असते. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. ते उघडले की तबकडीचा आडवा पट्टा दिसतो आणि त्यावर विभाग ओळीने मांडलेले असतात. प्रथम या चित्राचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घेऊन ठेवावे किंवा ते वहीत काढून घ्यावे. मोजणीपूर्वीचा नकाशा हाती असणे केव्हाही चांगले.

या साधनाचा एक नियम शेतीच्या व्यवहाराशी तंतोतंत जुळतो. 'सी'ला वाढवावयाचे तर त्याच्या लगत उजव्या बाजूस मोकळी जमीन पाहिजे. 'डी'च्या पलीकडे कितीही जागा मोकळी असली तरी ती 'सी'च्या उपयोगी पडत नाही, कारण मध्ये दुसऱ्याचे वावर आहे. याच कारणाने 'डी' आकसून घेतला तरी काम होत नाही. आकसल्याने जागा सुटते ती 'डी'च्या शेवटी, 'सी'च्या धुऱ्याशी नव्हे.

यातून दोन मार्ग निघतात. एक, 'डी'चा प्रारंभच उजवीकडे सरकविणे. जीपार्टेडसारखी विनामूल्य साधने हे करू शकतात. परंतु त्यासाठी 'डी'मधील सारा मजकूर तबकडीवर जागचा हलवावा लागतो. ते काम काही तास चालते, आणि मध्येच वीज गेली तर अर्धा मजकूर जुन्या जागी व अर्धा नव्या जागी अशी अवस्था होते. खेड्यातील शाळेने हा मार्ग टाळावा.

दुसरा मार्ग लांबचा दिसतो, परंतु निर्धोक आहे : 'डी'तील मजकूर बाहेर नेलेलाच आहे, तेव्हा 'डी' पूर्णतः मोडावा, 'सी'ला हवी तेवढी जागा द्यावी, उरलेल्या जागेत नवा 'डी' करावा आणि मजकूर परत आणावा. या मार्गात धुरा सरकतो तेव्हा शेत रिकामे असते. मोडण्याची व वाढविण्याची क्रिया थोडक्या वेळात होते. मजकूर आणण्यास वेळ लागतो, पण त्या वेळी वीज गेली तरी बिघडत नाही, कारण प्रत जशीच्या तशी बाहेर आहे आणि काम पुन्हा सुरू करता येते.

कृतीचा क्रम असा :

(१) वीजपुरवठा स्थिर असेल असा दिवस निवडावा. संगणकास यूपीएस असावा. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली असून तारही जोडलेली असावी. वादळवाऱ्याच्या दिवसांत हे काम काढू नये.

(२) डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'डी' निवडावा. अक्षर, आकार आणि नाव या तिन्ही खुणा पटल्यावरच 'डिलीट व्हॉल्यूम' ही आज्ञा द्यावी. एक शिक्षक बोटाने दाखवील व दुसरा मोठ्याने वाचील, अशी रीत ठेवल्यास चूक टळते.

(३) मोडलेल्या जागी 'अनअलोकेटेड' असे शब्द आले पाहिजेत. जुन्या एमबीआर पद्धतीच्या तबकडीवर तेथे कधीकधी 'फ्री स्पेस' असे दिसते. याचा अर्थ 'डी' हा एका मोठ्या विस्तारित विभागाच्या पोटात होता. तो रिकामा विस्तारित विभागही मोडल्यावाचून 'सी'ला जागा मिळत नाही. त्याच्या पोटात 'ई' हा आणखी विभाग असेल, तर त्यातील मजकूरही आधी तशाच दोन प्रती करून बाहेर काढलेला असला पाहिजे.

(४) 'सी' निवडून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' ही आज्ञा द्यावी. संगणक जागेचे माप मेगाबाइटमध्ये विचारतो. उदाहरणात ५३ गिगाबाइट वाढवावयाचे आहेत. एक गिगाबाइट म्हणजे येथे १,०२४ मेगाबाइट, म्हणून ५४,२७२ हा आकडा भरावा. 'सी' आता १५० गिगाबाइट होईल.

(५) उरलेल्या ३१५ गिगाबाइटवर 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम' ही आज्ञा देऊन नवा विभाग करावा, त्यास पुन्हा 'डी' हेच अक्षर द्यावे आणि एनटीएफएस ही मांडणी निवडावी.

(६) संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. तो नीट चालतो याची खात्री झाल्यावर एक बाह्य डिस्क जोडून मजकूर नव्या 'डी'मध्ये उतरवावा, आणि पुन्हा संख्या व आकार ताडून पाहावेत. बाह्य प्रती मात्र लगेच पुसू नयेत. निदान एक सत्र तरी त्या तशाच राहू द्याव्यात.

काही संगणकांत 'सी' आणि 'डी' यांच्यामध्ये 'रिकव्हरी' नावाचा एक लहान विभाग असतो. तो दोन वावरांमधील पांदणीसारखा समजावा. ती कोणी नांगरू नये. संकटकाळी संगणक दुरुस्तीची वाट तीच असते. असा विभाग आढळल्यास शिक्षकाने स्वतः पुढे न जाता जाणकाराची मदत घ्यावी. त्याचप्रमाणे काम चालू असता संगणकाने तबकडी 'डायनॅमिक' करण्याविषयी विचारल्यास नकार द्यावा. तो होकार एका बटनाने देता येतो, पण मागे घेणे सोपे नसते.

नव्या संगणकांची अडचण उलट असते. त्यात सर्व जागा एकट्या 'सी'लाच दिलेली असते आणि शाळेच्या मजकुरासाठी वेगळा 'डी' हवा असतो. तेथे 'सी' निवडून 'श्रिंक व्हॉल्यूम' ही आज्ञा द्यावी. सुटलेल्या जागेत 'डी' करावा. पुष्कळ जागा मोकळी असूनही संगणक थोडीच सोडण्यास तयार होतो, असा अनुभव येतो. विंडोजच्या काही फाइली जागच्या हलत नाहीत, आणि त्यांच्या अलीकडे धुरा येऊ शकत नाही, हे त्याचे कारण. अशा वेळी बळजबरी करू नये. जेवढी जागा मिळते तेवढीवर भागवावे. याही कामापूर्वी दोन प्रतींचा नियम तसाच लागू आहे.

विभाग किती असावेत, हाही प्रश्न विचारला जातो. १९४७ च्या कायद्याने शेतजमिनीचे लहान लहान तुकडे पाडण्यास आळा घातला, कारण तुकड्यात नांगरही धड फिरत नाही. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. प्रणालीसाठी एक व मजकुरासाठी एक, एवढे दोन विभाग शाळेस पुरे होतात. इयत्तावार वेगळेपणा हवा असल्यास 'डी'मध्ये फोल्डर करावेत. त्यासाठी धुरे घालू नयेत.

६. चूक झालीच तर

इतकी काळजी घेऊनही चूक होऊ शकते. चुकीचा विभाग मोडला गेला तर सर्वप्रथम हात थांबवावा. नोंद पुसली गेली म्हणजे मजकूर त्याच क्षणी नाहीसा झाला, असे फिरत्या तबकडीच्या बाबतीत होत नाही. सात-बारा हरवला म्हणून शेत वाहून जात नाही. परंतु त्या जागी नवीन काही लिहिले गेले की जुना मजकूर खरोखरच जातो. म्हणून त्यावर फॉरमॅट करू नये, काही उतरवू नये, संगणक बंद करून जाणकाराकडे न्यावा. टेस्टडिस्क यासारखी विनामूल्य साधने हरवलेल्या विभागाची हद्द पुष्कळदा शोधून देतात. सापडलेला मजकूर मात्र त्याच तबकडीवर नव्हे, दुसऱ्या तबकडीवर ठेवावा. एसएसडीच्या बाबतीत ही आशा फार अल्प असते, कारण मोडलेल्या विभागाची जागा ती आपण होऊन साफ करू लागते. तेथे बाह्य प्रतीवाचून तरणोपाय नाही.

ज्याच्यापाशी दोन तपासलेल्या प्रती आहेत त्याला अशा चुकीचे भय नसते. त्याचे नुकसान होते ते एका दुपारचे. नोंदींचे होत नाही.

७. वर्गातील उपयोग

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास जी शिक्षण परिषद भरली, तिने हाताच्या कामातून ज्ञान द्यावे हा विचार देशापुढे ठेविला. त्याच जिल्ह्यातील शिक्षकाने हे काम एकट्याने खोली बंद करून उरकू नये. वरच्या वर्गातील मुलांना फळ्यावर लांब पट्टा काढून दाखवावा, त्याचे 'सी' व 'डी' असे भाग पाडावेत, आणि ४६५ गिगाबाइटपैकी १५० दिले तर किती उरतात, हे त्यांच्याकडून काढून घ्यावे.

एखादा चौकस विद्यार्थी नक्कीच विचारील की, खोक्यावर ५०० लिहिले असता संगणक ४६५ का दाखवितो? त्याचे उत्तर उत्तम गणित आहे. विकणारा एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज १,०२४ ला १,०२४ ने दोनदा गुणून आलेले १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. पाचशे वेळा शंभर कोटींना या संख्येने भागले की सुमारे ४६५ येतात. माल तोच, माप निराळे. जागा चोरीस गेलेली नाही हे मुलांना स्वतःच्या आकडेमोडीने पटले, तर त्या दिवशीचा गणिताचा तास सार्थकी लागला असे समजावे.

पुढच्या पाठात मुलांनी शाळेची एखादी जुनी वस्तू, हस्तलिखित अंक म्हणा किंवा गावाचा नकाशा, छायांकित करून तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात व त्या उघडतात की नाही ते महिन्याने पाहावे. पुढे यंत्रे बदलतील, आजच्या आज्ञांची नावेही राहणार नाहीत. परंतु मूळास हात लावण्यापूर्वी प्रत करावी आणि ती तपासावी, ही सवय मुलांच्या अंगी राहील. ज्या शाळेत ती सवय मुरली, तेथे चाळीस वर्षांनी आजोबांच्या नावाची ओळ शोधीत एखादा तरुण दारात उभा राहिला, तर मुख्याध्यापकाला त्याला रिकाम्या हाताने परत पाठवावे लागणार नाही.